तीन मिनिटांतला धाकटा

धाकट्याला पायलट व्हायचं होतं, ही गोष्ट त्याच्या वडिलांना कळली ती धाकटा जाऊन बरीच वर्षं लोटल्यावर, एका शनिवारी दुपारी, बंद दाराआडून. ते तेव्हा स्वयंपाकघरात कप विसळत होते. दाराआड मुलगी आणि तिच्या कॉलेजातली मंडळी भाषणाची तालीम करत होती. मुलीचा आवाज एरवी घरात ‘माझा चार्जर कोणी घेतला’ यापलीकडे फारसा जात नसे, तो एकदम भरदार होऊन म्हणाला, “माझ्या भावाला पायलट व्हायचं होतं.” मग शांतता. मग कोणीतरी म्हणालं, की पॉज छान आहे, जरा लांबवला तरी चालेल. वडिलांच्या हातातला कप घसरला वगैरे नाही. तसलं काही त्यांच्या हातून होत नसे. त्यांनी तो नीट पालथा घातला, नळ बंद केला आणि ओले हात तसेच पुढे धरून उभे राहिले. पायलट नव्हे. लिफ्टवाला. धाकट्याला लिफ्टवाला व्हायचं होतं.

ते ज्या छापखान्यात काम करत तिथे सगळे त्यांना शोधकराव म्हणत, कारण त्यांचा हुद्दा मुद्रितशोधक असा होता आणि एवढा लांब शब्द उच्चारायला छापखान्यात कोणाला वेळ नव्हता. औषधाच्या खोक्यात एक पातळ कागद घडी करून कोंबलेला असतो. एकदा उलगडला की तो पुन्हा त्या घडीत बसत नाही, आणि पूर्ण वाचून होण्याआधी माणूस एकतर बरा होतो नाहीतर कंटाळतो. छापखाना असली पत्रकं छापायचा आणि छापण्याआधी शोधकराव ती वाचायचे. उलटी वाचायचे, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, खाली पट्टी धरून. सुलट वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळा चूक गिळून पुढे जातो. दशांशाचा ठिपका एक घर सरकला तर कुठलीतरी म्हातारी बिचारी दहापट औषध घेऊन बसेल. तेव्हा ‘जवळजवळ बरोबर’ या प्रकाराला त्यांच्या टेबलावर जागा नव्हती. छापखान्यातले लोक म्हणत, शोधकरावांना कोणी प्रेमपत्र धाडलं असतं तर त्यांनी ते दुरुस्त करून परत केलं असतं. यावर त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की, धाडलं होतं आणि केलं होतं.

दुर्मीळ हा शब्द त्यांना आधी धंद्यातला म्हणूनच माहीत होता. पत्रकाच्या शेवटाकडे औषधाने होणारे त्रास उतरत्या भाजणीने मांडलेले असतात: नेहमीचे, अधूनमधून होणारे, क्वचित, दुर्मीळ, अतिदुर्मीळ. शेवटचे दोन कोणी वाचत नाही आणि ते कोणाला होतही नसावेत, अशी त्यांची समजूत होती. मग धाकटा चालताना पडायला लागला. पडायचा, उठायचा, गुडघ्यावर हात टेकून उठायचा, मग भिंतीला धरून उठायचा. आणि त्याच्या मांडीचा एवढासा तुकडा तपासायला गेला. डॉक्टर म्हणाले, याच्या स्नायूंत साठू नये ते साठत जातंय, हे लाखांत एखाद्याला होतं. ते असं काही म्हणाले, की अर्धा क्षण शोधकरावांना वाटलं, पोरगा कशाततरी पहिला आला आहे. रोगाला दोन डॉक्टरांची नावं होती, मध्ये आडवी रेघ. नाव द्यायला दोन-दोन माणसं आली आणि औषध द्यायला एक नाही, असं धाकट्याची आई घरी येताना म्हणाली, आणि पुढे त्या विषयावर ती फारसं बोललीच नाही. औषध मुळीच नव्हतं असंही नव्हतं, हे त्याहून वाईट. कुठल्याशा कंपनीत एक रसायन उंदरांना लागू पडलं होतं. लुळे उंदीर पळायला लागले होते. पण उंदीर गिऱ्हाईक नसतात आणि माणसं पडली मूठभर. तेव्हा कंपनीने ते रसायन फ्रीजरमध्ये ठेवून दिलं आणि केस गळण्यावर काम सुरू केलं. केसांचं औषध यथावकाश बाजारात आलं. त्याचं पत्रक शोधकरावांच्याच टेबलावर आलं. त्यांनी ते उलटं वाचलं, एक राहिलेला अनुस्वार दिला, सही केली आणि पुढे सरकवलं.

पायलट कुठून आला असेल, याचा विचार ते आता ओल्या हातांनी करत होते. घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तू हळूहळू जातात हे त्यांना ठाऊक होतं. चाकांची खुर्ची एका संस्थेला गेली, कपडे कुठे गेले ते बायकोला माहीत, आवाजसुद्धा पुसट होत गेला. कधीकधी दुसऱ्याच मुलाचा आवाज धाकट्याचा म्हणून कानात वाजून जायचा. पण एक वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं, स्वल्पविरामासकट. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बांधणाऱ्याने लिफ्टची जागा सोडली होती, पण लिफ्ट घालायचं काही त्याला सुचलं नाही, आणि त्या खड्ड्यात लोकांनी सायकली लावल्या होत्या. शोधकराव धाकट्याला पाठीवर घेऊन वर न्यायचे. त्याचे पाय दोन्हीकडून लोंबायचे, हनुवटी खांद्यावर, श्वास कानात. पोराचं वजन वर्षागणिक वाढायचं सोडून कमी होत गेलं आणि जिना मात्र वर्षागणिक जड होत गेला. या दोहोंचा मेळ त्यांना कधी बसला नाही. कानाशी धाकट्याचा पुकारा चाललेला असायचा. “कुंड्यांचा मजला. उतरणारे आधी उतरा.” “भांडणाऱ्या काकूंचा मजला. इथे गाडी थांबत नाही.” “आपला मजला. सांभाळून.” एकदा मधल्या वळणावर त्यांना कठड्याला टेकावं लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. धाकट्याने पुकारा थांबवला आणि म्हणाला, “बाबा, मी मोठा झालो की लिफ्टवाला होणार. तुम्ही फक्त आत यायचं.” शोधकराव हसले. हसायला लागतो तेवढा दम शिल्लक नव्हता, तरी हसले. लोकांच्या मुलांना डॉक्टर व्हायचं असतं, खेळाडू व्हायचं असतं. आपला लिफ्टवाला होणार होता. बसून करण्यासारखं काम, डोक्यावर छप्पर, आणि दिवसभर वरखाली. केवढा शहाणा पोरगा. पुढे कोणी सांत्वनाला येऊन भलतंसलतं बोलायला लागलं की शोधकराव मनातल्या मनात ते वाक्य बाहेर काढत, एकदा वाचत आणि जागच्या जागी ठेवत.

आणि आता त्यात कोणीतरी हात घातला होता. कोणीतरी म्हणजे मुलगीच. पण एकट्या तिचं काम वाटेना. ती औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्याबरोबर शनिवारी जे टोळकं यायचं, ज्यांच्या बुटांनी दारात पाय ठेवायला जागा उरत नसे आणि ज्यांना पाव-जॅम कितीही पुरत नसे, त्यांची चळवळ चालली होती. औषधांच्या नव्या कायद्यात एक कलम घालायचं, एवढंच त्यांचं मागणं. मूठभरांच्या रोगावर जी कंपनी औषध काढेल तिला काही वर्षं ते एकटीला विकू द्यायचं, करात सूट द्यायची, आणि तिच्या दुसऱ्या एखाद्या औषधाची फाइल रांगेत पुढे घ्यायची. थोडक्यात, जेवायला कुरकुरणाऱ्या पोराला भरवतात तसं कंपनीला भरवायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शोधकराव संतापले होते. ज्यांनी फ्रीजरचं दार लावलं त्यांचीच मनधरणी करायची होय? मुलगी शांतपणे म्हणाली होती, राग मलाही येतो बाबा, पण रागाने ते दार उघडत नाही. तिच्याकडे कारण होतं. ती दर आठवड्याला ज्या वॉर्डात जायची तिथे एक लहान मुलगी होती, धाकट्याचाच रोग, कठड्याला धरून अजून जिना चढायची. ‘अजून’ हा शब्द त्यांची मुलगी असा काही उच्चारायची, की जणू तो काचेचा असावा. कंपनीने म्हटलं होतं, कलम आलं तर आम्ही त्या रसायनाचं पुन्हा बघू. आणि मसुदा तपासणाऱ्या समितीची शेवटची सुनावणी तोंडावर आली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं.

तीन मिनिटांत रोग, कायदा आणि भाऊ बसवायचा म्हणजे काही ना काही कापावं लागणार, हे शोधकरावांना धंद्यामुळे कळत होतं. टोळक्यात एक लांबुडका मुलगा फोन हातात धरून वेळ मोजायचा. त्याला बाकीचे घड्याळजी म्हणत. हे त्याचंच काम असणार. लिफ्टवाला म्हटलं की लोक हसतात, आणि हसणं संपेपर्यंत दहा सेकंद जातात. पायलट म्हटलं की कोणी हसत नाही. आकाश, पंख, अर्धवट राहिलेली झेप, सगळं आपोआप येतं, जास्तीची जागा लागत नाही. संपादन म्हणून चोख होतं. त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. धाकटा एवढासा होता, त्याच्याबद्दल खरं म्हणून सांगण्यासारखं फारच थोडं होतं, आणि त्या थोड्यातलंही एक गेलं. रविवारी नाश्त्याच्या वेळी त्यांनी विषय काढला. म्हणजे काढायचं ठरवलं. मुलगी एका हाताने पाव खात दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी लिहीत होती. ते म्हणाले, ते तुझं भाषण. ती म्हणाली, हं. ते म्हणाले, त्यात तो पायलट आहे ना. तिने वर पाहिलं. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे होते आणि नाक लहानपणीचंच होतं. शोधकराव म्हणाले, समितीपुढे वैमानिक म्हण, पायलट बरं दिसत नाही. मुलगी म्हणाली, वैमानिक म्हटलं की तो माझा भाऊ वाटत नाही बाबा, परीक्षेतला शब्द वाटतो. शोधकरावांनी मान डोलावली आणि जॅमच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. आयुष्यात त्यांनी चूक सोडून बरोबर शब्दाला हात घातला होता तो हा पहिल्यांदा.

सुनावणीला त्यांनी यायचं, बोलायचं काही नाही, फक्त मुलीच्या मागच्या खुर्चीत बसायचं, असं टोळक्याने ठरवलं होतं. मागे बसलेला बाप उपयोगी पडतो, असं घड्याळजीचं मत होतं. तो ते मत बापाच्या समोरच मांडत होता, आणि मांडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मग बराच वेळ त्याने पाव घेतला नाही. आईलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, “अहो, तुम्हीच जा. मी रडायला लागले तर तीन मिनिटांत माझा नुसता पदरसुद्धा भिजून व्हायचा नाही.” आणि तिने शोधकरावांच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, कॉलरवरून पुन्हापुन्हा फिरवत राहिली, जणू ते लहान असून पहिल्यांदा कुठेतरी निघाले आहेत.

समितीची खोली वरच्या मजल्यावर होती. उशीर झाला म्हणून सगळे जिन्यानेच धावले आणि शोधकराव सवयीने कठड्याच्या बाजूने, थोडे वाकून, पाठीवर काही नसताना चढले. आत लांब टेबल, प्रत्येकापुढे झाकलेला पाण्याचा ग्लास, आणि एक माइक, जो फक्त ज्याला बोलायचं नसेल त्याच्यापुढेच नीट चालत होता. अध्यक्षबाई मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या डावीकडे एक सदस्य होते. ते पूर्वी हिशेबतपासनीस होते आणि अजूनही समोर येणाऱ्या माणसाकडे बेरीज चुकल्यासारखं बघत. कलमाला विरोध होता तो त्यांचाच. कंपन्यांची चैन होईल, म्हणत. आधीचा एक गृहस्थ पोटदुखीच्या औषधाबद्दल बोलून खाली बसला आणि मुलगी उठली. शोधकरावांना तिची पाठ दिसत होती. पाठीवरून त्यांना कळलं, की तिने सुरुवात आठवणीतून केली आहे, पाठांतरातून नाही. खांदे खाली होते. ती रोग सांगून गेली, फ्रीजर सांगून गेली, वॉर्डातली मुलगी सांगताना ‘अजून’ आला आणि टेबलावरचा एक ग्लास कोणीतरी उगाच हलवला. मग ती म्हणाली, “माझ्या भावाला पायलट व्हायचं होतं,” आणि थांबली. शोधकरावांचं बोट आपल्या गुडघ्यावर चालायला लागलं. शब्दावर आडवी रेघ, रेघेच्या शेवटी लहानसं वेटोळं, म्हणजे हा काढा. शेजारी समासात बरोबर शब्द. पॉज तालमीतल्यापेक्षा लांबला. घड्याळजीने फोनकडे पाहिलंच नाही.

तिचं संपलं तेव्हा हिशेबतपासनीस सदस्य घसा साफ करून म्हणाले, की भावना समजल्या. पण या खोलीत जितकी मुलं आली, म्हणजे मुलांच्या गोष्टी आल्या, ती सगळी एकतर डॉक्टर होणार होती नाहीतर पायलट. एखादं मूल साधं दुकानदार होणार असल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. तेव्हा गोष्टी कुठे शिवून मिळतात की काय, अशी शंका येते. आणि गोष्ट शिवलेली असेल तर आकडेही शिवलेले असू शकतात. मुलीची मान एकदम ताठ झाली. सदस्यांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “हे वडील ना? तुम्ही सांगा. खरंच म्हणायचा तो असं?”

शोधकराव उठले. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, धाकटा टेकायचा तसा. समोर माइक नव्हता. खोलीतला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता, फक्त मुलगी बघत नव्हती. ती समोर बघत होती आणि तिच्या कानाची पाळी लाल झाली होती. तोंडात तो शब्द तयार होता. इतकी वर्षं जपलेला, निर्दोष, नुसता उच्चारायचा अवकाश. त्याने हे सदस्य हसले असते, कदाचित पाघळलेही असते. आणि मुलगी खोटी पडली असती, आणि तिच्याबरोबर फ्रीजर, वॉर्ड, कठडा. डोक्यात एक लहान मुलगी जिना चढत होती, कठड्याला धरून, आणि वळणावर थांबून वर बघत होती.

“हो,” ते म्हणाले. “पायलटच.”

त्यांनी आयुष्यात सहीनिशी सोडलेली ही एकच चूक, असं त्यांना बसताना वाटलं. खुर्चीचा पाय करकरला. सदस्यांनी त्यांच्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, बेरीज जुळल्यासारखी मान हलवली आणि कागदावर काहीतरी खरडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, कलम तूर्त मसुद्यात राहू द्या, पुढे चर्चेला येईल तेव्हा पाहू. तूर्त, राहू द्या, पाहू. यात आनंद करण्यासारखं नेमकं काय ते शोधकरावांना उलटंसुलटं वाचूनही सापडलं नसतं, पण टोळकं बाहेर पडताक्षणी एकमेकांच्या गळ्यात पडलं. घड्याळजी रडत होता आणि रडताना त्याला वेळेचं भान नव्हतं. मग ते सगळे धडधडत जिन्याने खाली गेले, दोन-दोन पायऱ्या एका उडीत, आणि त्यांचा गलका खाली खाली जाऊन नाहीसा झाला. धाकटा असता तर जवळजवळ यांच्याच वयाचा असता, हे शोधकरावांना त्या आवाजाने आठवलं.

मुलगी त्यांच्याजवळ थांबली होती. ती म्हणाली, आपण लिफ्टने जाऊ, तुम्ही दमलात. लिफ्ट जुनी होती, मोठी. बटणांजवळ भिंतीला घडीचं एक स्टूल होतं. लिफ्टवाले केव्हाच गेले होते, स्टूल काढायचं राहिलं होतं. शोधकराव स्टुलाच्या बाजूला उभे राहिले. दार बंद झालं. सगळं एकदम शांत झालं आणि जमीन हळूच पायाखालून निघाली.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्हाला कधी सांगितलं त्याने?”

“काय?”

“पायलटचं. मला म्हणाला होता, बाबांना सांगू नकोस. मी इतकी वर्षं सांगितलं नाही.”

शोधकराव स्टुलाकडे बघत राहिले. मुलगी त्यांच्याकडे न बघता, लिफ्टच्या दाराला सांगितल्यासारखं सांगत होती. ती खिडकीशी बसून अभ्यास करत होती, तो पलंगावर पडून आकाशात बघत होता. विमान दिसलं की त्याचं नाव सांगायचा, आवाजावरून ओळखायचा. मोठं झालं की आपण पुढे बसणार, ताईला फुकट नेणार. मग एकदा त्याने विचारलं, ताई, विमानात चढायला जिना असतो का गं? ती म्हणाली, असतो, मी चित्रात पाहिलाय, चांगला उंच असतो. त्यावर तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. तिला वाटलं, झोपला.

“मग म्हणाला, चढवतील बाबा. पण आत्ता नको सांगूस त्यांना. त्यांना आपल्याच जिन्याने दम लागतो.”

लिफ्ट खाली जात होती. शोधकरावांनी ते जपलेलं वाक्य बाहेर काढलं. इतक्या वेळा काढलं होतं, पण दरवेळी सुलट वाचलं होतं. वाचलं, अर्थ लागला, ठेवून दिलं. आता त्यांनी त्याखाली पट्टी धरली आणि शेवटाकडून सुरुवात केली. यायचं. आत. फक्त. तुम्ही. होणार. लिफ्टवाला. की. झालो. मोठा. मी. शेवटी बाबा राहिले. सबंध वाक्य त्या एका शब्दासाठी बेतलेलं होतं. कठड्याला टेकलेल्या, काजवे दिसणाऱ्या, दम लागलेल्या माणसाला झेपेल एवढंच स्वप्न त्या पोराने मापून दिलं होतं, आणि त्या माणसाने ते हसत घेतलं होतं.

“कधी सांगितलं?” मुलीने पुन्हा विचारलं.

“जिन्यात,” शोधकराव म्हणाले.

मुलीने मोठा श्वास सोडला. “बरं झालं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्हाला कळलंच नाही.” आणि तिने कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं, इस्त्रीच्या शर्टावर, नेमकं तिथे, जिथे हनुवटी असायची. तिचं वजन बरंच होतं. त्यांनी ते घेतलं.

लिफ्ट धक्का खाऊन तळमजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर फायलींचा गठ्ठा छातीशी धरलेली एक बाई उभी होती. आत दोघं आहेत आणि कोणीच उतरत नाही हे बघून ती जरा घुटमळली. वर जाणार का, तिने विचारलं. शोधकराव बटणांपाशीच होते. त्यांनी दार हाताने धरून ठेवलं.

“या,” ते म्हणाले. “सांभाळून. कितवा मजला?”